ताईच्या दोन जन्मवेळा

माझी ताई पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी जन्मली आणि त्याच दिवशी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी पुन्हा एकदा जन्मली. दोन्ही जन्मांची नोंद मी स्वतः टाईप केली आहे, त्यामुळे याबाबतीत कुणी माझ्याशी वाद घालू नये.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांत राहत होतो. गिरणी बंद पडल्यावर वडील भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झाले होते. ताई औषधांच्या कंपनीत पॅकिंगवर सुपरवायझर होती, आणि मी बी.कॉम. होऊन घाटकोपरला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. क्लासमध्ये पंधरा जणांना मिळून दोन कॉम्प्युटर होते आणि त्यातला एक कायम बिघडलेला असायचा, त्यामुळे निम्मं कॉम्प्युटरशास्त्र मी फळ्यावर शिकले. अंगात मस्ती मात्र पूर्ण शास्त्राची होती.

आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं मुलुंड नुसतं ‘बाई’ म्हणायचं, तळमजल्यावरच्या आपल्या घरात वधूवर सूचक मंडळ चालवायच्या. स्वतः त्या लग्नाच्या वाटेला गेल्या नव्हत्या. कुणी आगाऊपणाने विचारलंच तर म्हणायच्या, “परीक्षकाने पेपर लिहायचा नसतो.” त्यांच्या भाच्याच्या अंधेरीच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले आणि जुना एक बाईंच्या घरी आला. बाईंनी त्याला आतली खोली दिली, खिडकीला जाड पडदा लावला आणि दारावर पाटी लावली: ‘चपला बाहेर काढाव्यात.’ त्या काळी कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही अशी सर्वांची पक्की समजूत होती. उपवर मुलांचे वडील अनवाणी आत यायचे, हिरवी अक्षरं बघायचे आणि काहीजण तर नकळत हातही जोडायचे.

बाईंनी मला रस्त्यातच गाठलं. “कॉम्प्युटर शिकतेस ना? उद्यापासून संध्याकाळी यायचं.” शाळेतही त्या असंच बोलायच्या. प्रश्न असायचा, पण उत्तराची सोय नसायची.

बुटांच्या खोक्यांत भरलेले तीनेकशे फॉर्म यंत्रात घालायचे होते, आणि पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. क्लासमधल्या सरांनी शिकवलं होतं की माणसं एकमेकांपासून वेगळी आहेत हे यंत्राला आपोआप कळत नाही. प्रत्येकाला एक खूण लागते, दुसऱ्या कुणाची नसलेली आणि कधीही न बदलणारी. तिला किल्ली म्हणायचं. ही किल्ली दोन प्रकारची. एक माणसाच्याच माहितीतून उचललेली, आणि दुसरी आपण वरून चिकटवलेला नुसता नंबर, ज्याला काडीचा अर्थ नसतो. मी वहीत लिहून घेतलं होतं: पहिली सख्खी, दुसरी मानलेली. माझा कल मानलेलीकडे होता. सख्ख्यांचा मला घरीच पुरेसा अनुभव होता.

“बाई, प्रत्येकाला एक नंबर देऊन टाकू,” मी म्हटलं.

“नंबर?” बाईंनी चष्मा काढला. “लग्नाला उभी राहिलेली मुलगी म्हणजे रेशनच्या रांगेतली पिशवी आहे का गं? माणसाची ओळख माणसातूनच यायला हवी.”

मग आम्ही माणसात शोधू लागलो. नाव बाद झालं. आम्हा कोकणातल्या लोकांत आजोबाचं नाव नातवाला देतात, म्हणजे आजोबा आणि नातू या दोघांचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव अगदी तंतोतंत एक. मंडळात असा एक नातू होताच. त्याचे आजोबा विधुर होते आणि तब्येतीने खणखणीत होते, त्यामुळे धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. मुलींचं तर बोलायलाच नको. लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव काढलं की जुनी मुलगी कागदावरून गेलीच. मग जन्मतारीख? शाळेच्या दाखल्याप्रमाणे आमचं निम्मं मंडळ एक जूनला जन्मलं होतं, कारण नाव घालताना मास्तरांना तीच तारीख सोयीची वाटायची.

“पत्रिका,” बाई शेवटी म्हणाल्या. “पत्रिकेतली जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मगाव. तिन्ही मिळून एक किल्ली. वेळ मिनिटापर्यंत असते, आणि ती कुणाच्या हातात नसते. ती देवाने केलेली नोंद.”

देवाचं नाव निघाल्यावर फळ्यावरचं शास्त्र काय करणार? मी मुकाट्याने तसंच मांडलं. यंत्रात नावं घालायचीच नाहीत असंही बाईंनी ठरवलं. नावांचे फॉर्म त्यांच्या कुलुपाच्या कपाटात राहायचे, कारण माझी जीभ त्यांना पाचवीपासून माहीत होती. महिन्याला जी यादी छापली जायची तिच्यात फक्त जन्माचा तपशील, राहायचं ठिकाण, शिक्षण, नोकरी, उंची आणि मंगळ आहे की नाही, एवढंच असायचं. दोन महिन्यांत लोक मुलींना वेळेनेच ओळखू लागले. “ती सात-पंचावन्न गोरी आहे का हो?” असं एक आजी मला भर बाजारात विचारून गेल्या.

आमची पाच-दहा सावळी होती, एकोणतीस वर्षांची होती आणि फटकळ होती. चौदा वेळा कांदेपोहे झाले होते. “स्वयंपाक येतो का?” असं विचारलं की ताई शांतपणे म्हणायची, “येतो. तुम्हाला?” पण तिचं घोडं अडलं होतं ते फटकळपणामुळे नव्हे. सातव्या घरात मंगळ होता. मंगळाच्या मुलीला मंगळाचाच मुलगा लागतो, आणि त्या काळी मंगळाचे मुलगे जणू मुंबईत जन्मतच नव्हते.

यादीत एक मुलगा होता, राहणार दहिसर, अंधेरीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. ताईशी छत्तीसपैकी तीस गुण जुळत होते. मुलाच्या आईने यादी परत पाठवली ती पाच-दहाच्या पुढे पेन्सिलीने लिहूनच: ‘मंगळ नको.’ ताई म्हणाली, “गेला उडत.” आणि त्या संध्याकाळी तिने भांडी अशी काही घासली की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, काय झालं म्हणून. मला तिचा राग आला नाही. मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायची कुणाची टाप होती?

चार दिवसांनी आई भाकऱ्या थापत होती. मी ताट घेऊन बसले तशी तिने डब्यांच्या मागून एक घडी केलेला कागद काढला.

“हा फॉर्म टाईप कर. बाईंना दाखवत बसू नकोस.”

मी उघडला. आमचंच गाव, ताईचीच तारीख. वेळ सहा-चाळीस. सोबत नवी पत्रिका होती, त्यात मंगळ सातव्या घरातून सहाव्यात सरकला होता. तिथे तो कुणाला त्रास देत नाही.

“आई! ही फसवणूक आहे.”

“कसली फसवणूक? कोंबडा आरवला तेव्हा झाली म्हणून पाच-दहा धरलं होतं. कोंबडा काय एकदाच आरवतो?”

मी घडी घालून कागद ताटाखाली सरकवला. खरं सांगायचं तर मला मजाही वाटत होती. बाईंची देवाने केलेली नोंद माझ्या आईने भाकरी थापता थापता बदलली होती. दुसऱ्या दिवशी मी सहा-चाळीस टाईप केलं आणि फॉर्म कपाटात जायच्या गठ्ठ्यात सरकवला. यंत्राने हूं की चूं केलं नाही. वेळ वेगळी म्हणजे किल्ली वेगळी, आणि किल्ली वेगळी म्हणजे मुलगीच वेगळी. जुनी नोंद काढायला बाईंची सही लागायची, म्हणून पाच-दहाही तिथेच राहिली. मंडळात आता माझ्या दोन ताया होत्या.

पुढच्या यादीवर दहिसरहून निरोप आला: ‘सहा-चाळीस पसंत.’ बाईंनी कपाट उघडून फॉर्म काढला आणि म्हणाल्या, “अगं, ही तर तुझी ताई!” मी म्हटलं, “हो ना, काय योगायोग!” तीनशे जणांच्या वेळा त्यांच्या तरी कशा लक्षात राहणार?

मुलगा पोहे खाऊन गेला. ताईने त्यालाही विचारलं, “तुम्हाला येतो स्वयंपाक?” तो म्हणाला, “आमटी येते. भात खाली लागतो.” नंतर ती दोघं घाटकोपरला एका उडप्याकडे चार वेळा भेटली. ताई घरी येऊन गाणी गुणगुणायला लागली. तिला सूर अजिबात नाही, तरी कुणी तिला थांबवलं नाही. वेळ बदलल्याचं तिला आम्ही सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर तिने त्याच पावली दहिसर गाठलं असतं.

आणि इथे माझी वाट लागली. एक दिवस कुणा मुलाचे वडील अनवाणी, लालबुंद चेहऱ्याने आत आले. त्यांना एकच मुलगी तीन वेगवेगळ्या वेळांनी तीनदा सुचवली गेली होती. बाईंनी याद्या चाळल्या, गावं आणि तारखा ताडून पाहिल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. मंगळाने पछाडलेल्या आया काही आमच्या घरातच नव्हत्या. निम्मं मुलुंड आपापल्या पोरांना पुन्हा जन्माला घालत होतं.

“तुझं बरोबर होतं,” बाई म्हणाल्या. “जी गोष्ट आई बदलू शकते, ती किल्ली नव्हे. सगळ्यांना नंबर दे. एक माणूस, एक नंबर, आणि त्याच्याखाली जितक्या वेळा सांगितल्या असतील तितक्या सगळ्या लिही.”

पहिल्या दिवशी मी जे मागितलं होतं ते सहा महिन्यांनी मला मिळालं, आणि मिळालं ते नेमकं नको तेव्हा. एक माणूस, एक नंबर म्हणजे ताईच्या नंबराखाली पाच-दहा आणि सहा-चाळीस शेजारी शेजारी बसणार होते. बाई खोटं खपवून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी एकदा स्वतःच्या भाचीला कॉपीसाठी वर्गाबाहेर उभं केलं होतं.

आम्ही कामाला लागलो. बाई फॉर्मवरचं नाव वाचायच्या, मी नंबर द्यायचे. आमच्या आडनावाचा गठ्ठा यायच्या आदल्या दिवशी मी ताईचा पाच-दहाचा फॉर्म हळूच काढला आणि दुसऱ्याच खोक्यात कोंबला. म्हणजे ताईला एक नंबर इथे मिळाला आणि दुसरा तिथे मिळणार होता. मानलेल्या किल्लीचं हे मला फळ्यावर कुणी शिकवलं नव्हतं. नंबर खोटं बोलत नाही कारण तो काही बोलतच नाही. एकाच माणसाला दोन दिले तरी त्याची तक्रार नसते. मी स्वतःवर जाम खूश होते. ती खुशी दोन दिवस टिकली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी एका नावाचे दोन फॉर्म माझ्यासमोर टाकले. “हा बघ. राहणार दहिसर, ड्राफ्ट्समन. जुन्या फॉर्मवर सकाळी नऊ-वीस, मंगळ आहे. नव्यावर साडेदहा, मंगळ नाही.”

तो ताईचाच ड्राफ्ट्समन होता.

“खोटारडं घर,” बाई म्हणाल्या. “स्वतःच्या मुलाचा मंगळ लपवायचा आणि वर दुसऱ्यांच्या मुलींपुढे ‘मंगळ नको’ लिहायचं! तुझी ताई तिथे जाणार नाही. मी उद्याच तुझ्या आईला सांगते, हे मोडून टाका.”

मी आधी हसले. मंगळाच्या मुलाने मंगळाच्या मुलीला मंगळ आहे म्हणून नाकारलं होतं! मग लक्षात आलं. बाई आमच्या भल्यासाठी ताईचं लग्न मोडायला निघाल्या होत्या. मी गप्प बसले तर लग्न मोडणार, आणि बोलले तर आईची अब्रू जाणार, बाईंचा माझ्यावरचा विश्वास जाणार, आणि कदाचित लग्नही मोडणारच. मला ताईचं ते बेसूर गाणं आठवलं. मी उठले, चुकीच्या खोक्यातला फॉर्म काढला आणि बाईंच्या पुढ्यात ठेवला.

“बाई, ताईसुद्धा दोनदा आहे. आणि दोन्हीदा मीच टाईप केलं.”

बाईंनी तो वाचला आणि सहा-चाळीसचा फॉर्म शोधून त्याच्याशेजारी ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “रविवारी सकाळी,” त्या शेवटी म्हणाल्या. “दोन्ही आया. आणि तुझी ताई.”

तो रविवार मी कधी विसरणार नाही. यंत्राच्या खोलीत दोन पन्नाशीच्या बायका अनवाणी, पदर सावरून, बाकावर शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि समोर बाई चार फॉर्म घेऊन उभ्या होत्या. ताई भिंतीला टेकून उभी होती. आदल्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं होतं. ती माझ्याशी तेव्हापासून एक शब्द बोलली नव्हती. दहिसरला गेली होती की नाही तेही तिने सांगितलं नाही.

बाईंनी आधी मुलाच्या आईला विचारलं. त्यांनी मान खाली घालून कबूल केलं. मग माझ्या आईने कबूल केलं. दोघींनी एकमेकींकडे तिरक्या नजरेने पाहिलं, आणि मुलाच्या आईच्या डोक्यात प्रकाश पडला.

“अहो, म्हणजे हिलाही मंगळ आहे? मग चांगलंच की! मंगळाला मंगळ चालतो. आपण उगीचच...”

“पहिल्याच यादीत जमलं असतं,” बाई कडक आवाजात म्हणाल्या. “असो. आता खरी नोंद करायची. मुलगा नऊ-वीस. मुलगी पाच-दहा. दोघींनी सही करा.”

मुलाच्या आईने झटकन सही केली. पेन माझ्या आईच्या हातात आलं. आता तिला काहीच करायचं नव्हतं. खोटंही बोलायचं नव्हतं, नुसती सही करायची होती, आणि लेकीचं लग्न ठरत होतं. मी मनात म्हणत होते, कर गं आई, कर पटकन. आईने पेन बाकावर ठेवून दिलं.

“बाई, तीपण खरी नाही.”

“म्हणजे?”

“कोंबड्याचं मी मनानेच सांगितलं होतं. हे इथे गिरणीत होते. पत्रातून विचारलं, वेळ काय? जाऊबाईंनी लिहिलं, पहिली एस्टी गेली होती, म्हणजे पाच-दहा.” एवढं बोलून आईचं शहरातलं बोलणं सुटलं. मुंबईत इतकी वर्षं काढूनही ती घाबरली की गावचीच व्हायची. “माका खरी वेळ ठावकच नाय. ह्या चेडू जन्मला ता रडलाच नाय. सगळ्यांका वाटला, गेला. सुईणीन पाय धरून उलटा केल्यान, पाठीत थापट्यो मारल्यान. मी नुसती बघत होतंय. मग कधीतरी रडला. तेव्हा घड्याळ कोण बघतला?”

ताई भिंतीपासून सरळ झाली. हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

आता वेळ नाही म्हणजे पत्रिका नाही, आणि पत्रिका नाही म्हणजे मंगळाला जोडीचा मंगळही नाही. मुलाच्या आईला उठून जायला हे कारण भरपूर होतं. मी त्यांच्याकडे पाहायचं धाडसच केलं नाही.

“खूप वेळान रडला?” त्यांनी विचारलं. त्याही आमच्याच बाजूच्या होत्या, ते तेव्हा कळलं.

“माका वर्ष वाटला,” आई म्हणाली.

मुलाच्या आईने आपण सही केलेला फॉर्म बाईंच्या हातातून काढून घेतला आणि नऊ-वीसवर पेनाने आडवी रेघ मारली. “रिकामी ठेवा हो, बाई. दोघांचीही. आमच्याकडे तरी कुणी पाहिलं होतं?”

बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी यंत्रावर बसले. ताईच्या दोन नोंदी होत्या, त्यातली बिननंबराची काढून टाकली. उरलेल्या नोंदीत नंबरापुढची जन्मवेळ पुसली आणि एंटर दाबलं. जुन्या मांडणीत मला तिथेच अडवलं गेलं असतं, कारण वेळ नाही तर किल्ली नाही, आणि किल्ली नाही तर त्या यादीत माणूसच नाही. आता यंत्र न कुरकुरता पुढच्या ओळीवर गेलं.

ताई माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. आदल्या दिवसापासून ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

“तिथे काहीच नाही लिहिलंस. तरी मी आहे ना गं यात?”

“आहेस,” मी म्हटलं, आणि पुढची अक्षरं मला दिसेनाशी झाली.